माप घेणार्‍याचें

एखाद्या जुन्या कचेरीच्या दारावर एक कारकून बसलेला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. त्याच्यापुढें रकाने आंखलेली नोंदवही आहे. पहिला रकाना येणार्‍याच्या नांवाचा. त्यांत वीस अक्षरें मावतात. शेजारच्या रकान्यांत वरिष्ठांनीं लिहून ठेविलें आहे, कीं हें नांव टिपून झालें म्हणजे कारकुनानें पुढें कोणत्या कामाकडे वळावें. कारकून अत्यंत आज्ञाधारक आहे, परंतु स्वतःचा विचार त्याला मुळींच नाहीं. रकाना संपला तरी तो थांबत नाहीं. सांगणारा सांगत राहील तोंवर तो लिहीत राहतो. आतां कोणी धूर्त मनुष्य आला आणि आपलें नांव म्हणून त्यानें चांगलीं साठ अक्षरें सांगितलीं, तर काय होईल? पहिला रकाना भरेल, उरलेलीं अक्षरें शेजारच्या रकान्यांत शिरतील, आणि तेथील वरिष्ठांचा हुकूम पुसला जाऊन त्या जागीं आगंतुकाचे शब्द उमटतील. कारकून लिहिणें संपवील, संवयीप्रमाणें शेजारचा रकाना वाचील, आणि तेथें जें असेल तें निमूटपणें करील. तेथें 'तिजोरी उघड' असें असेल, तर तो तिजोरी उघडील.

संगणकाच्या जगांत या प्रकारास 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात. बाहेरून येणारा मजकूर घटकाभर ठेवण्यासाठीं यंत्राच्या स्मृतींत जी ठराविक लांबीची जागा राखलेली असते, ती बफर. ती भरून मजकूर शेजारीं वाहूं लागला, कीं तो ओव्हरफ्लो. गोष्ट इतकी साधी आहे, कीं शाळकरी मुलालाहि ती समजावी. तरीहि या एका चुकीमुळें गेल्या अर्धशतकांत विद्यापीठांचीं, सरकारी कचेर्‍यांचीं आणि व्यापारी पेढ्यांचीं यंत्रें वेळोवेळीं परक्यांच्या हातीं गेलीं. साधी चूक पुनःपुन्हां कां घडते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास फायली पोंचविणार्‍या सर्व्हरांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

एका संगणकावरील फाईल दुसर्‍या संगणकावर कशी न्यावी, याचे नियम एप्रिल १९७१ मध्यें प्रथम लिहिले गेले. ते लिहिणारे गृहस्थ एक तरुण भारतीय होते. अभय भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. त्या वेळीं ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत काम करीत होते. त्यांच्या नियमावलीस 'फाईल ट्रान्स्फर प्रोटोकॉल', थोडक्यांत एफटीपी, असें नांव होतें. पुढें ऑक्टोबर १९८५ मध्यें जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनीं तिला जें रूप दिलें, तेंच प्रमाण मानलें गेलें. या पद्धतींत बाहेरचा संगणक सर्व्हराशीं साध्या शब्दांत बोलतो: माझें नांव अमुक, परवलीचा शब्द अमुक, मला अमक्या दालनांत जावयाचें आहे, तेथें अमुक नांवाचें नवें दालन कर, अमुक फाईल मला दे. यांतील प्रत्येक वाक्य म्हणजे दारावरच्या कारकुनाला सांगितलेलें एकेक नांवच होय.

हे नियम ज्या आर्पानेट नांवाच्या जाळ्यासाठीं झाले, तें जाळें त्या काळीं लहान होतें. त्यावर वावरणारीं माणसें बहुतेक एकमेकांच्या ओळखीचीं संशोधक मंडळी होतीं. देतांना काटेकोर असावें व घेतांना उदार असावें, असा उपदेश पोस्टेल यांनीं १९८० मध्यें जाळ्याच्या एका नियमावलींत घातला, तो याच वृत्तीला धरून होता. त्या उदारपणाचें सुंदर फळ म्हणजे 'अनामिक' प्रवेशाची रीति. ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा माणसानेंहि 'अनॉनिमस' हें नांव सांगावें, परवलीच्या शब्दाच्या जागीं आपला ईमेलचा पत्ता द्यावा, आणि हवी ती सार्वजनिक फाईल न्यावी. कित्येक ठिकाणीं तर आणून ठेवण्यासाठींहि एक मोकळें दालन असे. वाटेवर पाणपोई घालावी, तशी हीं भांडारें विद्यापीठांनीं चालविलीं. अमेरिकेंत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचें भांडार त्यांत विशेष गाजलें. आणि तेथें तयार झालेला 'डब्ल्यूयू-एफटीपीडी' हा सर्व्हर १९९० नंतरच्या दशकांत जगभरच्या असंख्य यंत्रांवर बसला.

आतां एक शंका सहज येईल. वाहून गेलेलीं अक्षरें हुकूम कशीं होतात? याचें कारण संगणकाच्या घडणींतच आहे. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालानें जी रचना प्रसिद्धीस आणली, तींत माहिती आणि आज्ञा या दोन्ही एकाच स्मृतींत, सारख्याच आंकड्यांच्या रूपानें राहतात. त्यामुळेंच तेंच यंत्र आज हिशेब करतें व उद्यां पत्र लिहितें. परंतु त्यामुळेंच कोणता आंकडा म्हणजे अक्षर आणि कोणता म्हणजे हुकूम, हें यंत्राला नुसतें पाहून कळत नाहीं. शिवाय प्रोग्रामचा एक भाग दुसर्‍या भागास कामाला लावतो, तेव्हां काम संपल्यावर कोठें परत यावें याचा पत्ता तो 'स्टॅक' नांवाच्या जागेंत टिपून ठेवतो. आणि बफरहि पुष्कळदां त्याच जागेंत, त्या पत्त्याच्या शेजारींच असतें. नोंदवहीचा शेजारचा रकाना तो हाच. आगंतुकानें पाठविलेल्या मजकुरांतच आपल्या सोयीच्या आज्ञा घातल्या आणि परतीचा पत्ता बदलून तो त्या आज्ञांकडे वळविला, म्हणजे यंत्र त्याचें झालें.

त्यांत आणखी दोन गोष्टींची भर पडली. बहुतेक सर्व्हर 'सी' या भाषेंत लिहिलेले होते. डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत घडविलेली ही भाषा मोठी चपळ आहे, आणि तिच्या चपळाईचें एक कारण असें, कीं रकान्यांत जागा उरली आहे कीं नाहीं हें ती स्वतः पाहत नाहीं. तें पाहण्याचें काम तिनें लिहिणार्‍यावर सोंपविलें आहे. दुसरी गोष्ट सर्व्हराच्या अधिकाराची. एफटीपीचें दार एकवीस क्रमांकाचें. आणि युनिक्स जातीच्या यंत्रांत रूढीनें १०२४ च्या खालच्या क्रमांकाचें दार उघडण्याचा अधिकार केवळ मुख्य चालकास असतो. यास्तव हा सर्व्हर मुख्य चालकाच्या अधिकारानें सुरू होई, आणि पुष्कळदां तो अधिकार पुढेंहि हातीं ठेवी. म्हणजे जो कारकून अनोळखी माणसाशीं बोलावयास बसविला, त्याच्याच कमरेला सार्‍या वाड्याच्या किल्ल्या होत्या.

हा धोका कोणास ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या हवाई दलासाठीं जेम्स अँडरसन यांनीं १९७२ मध्यें तयार केलेल्या अहवालांत या चुकीचें वर्णन आलेलें आहे. पण अहवाल कपाटांत राहिला आणि प्रोग्राम लिहिणारे लिहीत राहिले. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें आपोआप पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यावर सोडला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकीं एक वाट 'फिंगर' नांवाच्या सर्व्हरांतून जात होती. त्या सर्व्हरांत मजकुराला ५१२ अक्षरांची जागा होती. मॉरिसच्या प्रोग्रामनें ५३६ पाठविलीं. वरचीं चोवीस अक्षरें पुरेशीं झालीं. त्या वेळच्या सुमारें साठ हजार संगणकांपैकीं सहा हजार तरी या प्रोग्रामनें बाधित झाले, असा अंदाज तेव्हां करण्यांत आला. मॉरिसला पुढें तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आणि अशा आपत्तींची वार्ता सर्वांस वेळेवर कळावी म्हणून त्याच महिन्यांत कार्नेगी मेलन विद्यापीठांत 'सर्ट' हें केंद्र स्थापन झालें.

इतका मोठा आघात झाल्यावर तरी प्रत्येकानें आपली नोंदवही तपासली असेल, असें वाटणें स्वाभाविक आहे. कित्येकांनीं ती तपासलीहि. परंतु चूक एकाच वेषानें येत नाहीं, हें पुढील काळांत दिसून आलें.

फेब्रुवारी १९९९ मध्यें 'सर्ट'नें एफटीपी सर्व्हरांतील बफर ओव्हरफ्लोविषयीं इशारा प्रसिद्ध केला. त्यांत डब्ल्यूयू-एफटीपीडी आणि 'प्रोएफटीपीडी' हे दोन लोकप्रिय सर्व्हर सांपडले होते. येथील युक्ति पाहण्यासारखी आहे. नुसतें लांबलचक नांव पाठविण्याची येथें गरज नव्हती. ज्याला नवें दालन करण्याची मुभा होती, अशा माणसानें एक दालन करावें, त्याच्या आंत दुसरें, त्याच्या आंत तिसरें, असें करीत जावें. प्रत्येक नांव आपल्या मर्यादेंत. नियमभंग कोठेंहि नाहीं. पण आपण कोठें आहों हें ठरविण्यास सर्व्हर जेव्हां सारीं नांवें एकापुढें एक जोडून पूर्ण मार्ग लिहूं लागे, तेव्हां ती बेरीज रकान्याबाहेर जाई. सुटीं मापें घेतलीं होतीं. बेरजेचें माप कोणी घेतलें नव्हतें.

एप्रिल २००१ मध्यें दुसरा वेष प्रकट झाला. फाईलचें पूर्ण नांव न लिहितां तारकेसारखें चिन्ह द्यावें आणि जुळणारीं सारीं नांवें सर्व्हरानें स्वतः भरून घ्यावीं, अशी एक सोय एफटीपींत आहे. आगंतुकाची विनंति चार-सहा अक्षरांची. तिची लांबी पाहिली तर निरुपद्रवी. परंतु सर्व्हरानें तिचा विस्तार केला, कीं तीच विनंति लांबच लांब होई, आणि हा विस्तार ज्या जागेंत ठेवावयाचा ती जागा अपुरी पडे. निरनिराळ्या कार्यप्रणालींबरोबर येणारे अनेक सर्व्हर या एकाच दोषानें युक्त असल्याचें उघड झालें. दारांत शिरतांना माप घेतलें होतें. घरांत आल्यावर पाहुणा वाढूं शकतो, हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें.

तिसरा वेष सर्वांत सूक्ष्म. जुलै २००३ च्या अखेरीस डब्ल्यूयू-एफटीपीडीमध्यें जो दोष जाहीर झाला, तो अवघ्या एका अक्षराचा होता. येथें लिहिणारा निष्काळजी नव्हता. त्यानें मार्गाची लांबी मोजली होती. 'सी' भाषेंत प्रत्येक शब्दाच्या शेवटीं समाप्तीचें म्हणून एक शून्य ठेवावें लागतें; म्हणजे शंभराच्या रकान्यांत नव्याण्णवच अक्षरें मावतात. मार्गाच्या लांबीच्या या हिशेबांत एका परिस्थितींत एकाची चूक होती, आणि एक अक्षर शेजारीं जाई. एका अक्षरानें काय होणार, असें वाटेल. पण तेवढ्यानेंहि मुख्य चालकाचा अधिकार हस्तगत होऊं शकतो, हें दोष शोधणार्‍यांनीं दाखवून दिलें. कुंपणाला किती खांब लागतील हें विचारलें असतां हुशार मुलगाहि एका खांबानें चुकतो, त्याच जातीची ही चूक.

त्यानंतरहि ही मालिका थांबली नाहीं. २००९ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांतील एफटीपी विभागांत यादी मागण्याच्या आज्ञेंत असाच दोष निघाला, आणि २०१० मध्यें प्रोएफटीपीडीमध्यें एका विशेष चिन्हाच्या हाताळणींत तो पुन्हां आढळला. यावरून प्रोग्राम लिहिणारे सारे अडाणी होते, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्यांतील कित्येक आपल्या विद्येंत निष्णात होते. त्यांची चूक बुद्धीची नव्हती, गृहीताची होती. इतकें लांब नांव कोण लिहील, दालनांत दालन अशीं शंभर दालनें कोण करील, हा त्यांचा समज सज्जनांच्या बाबतींत अगदीं खरा होता. पण दार सर्वांसाठीं उघडें असलें, म्हणजे आंत कोण कोण येऊं शकेल याचा हिशेब सज्जनांवरून करतां येत नाहीं.

उपायहि क्रमाक्रमानें निघाले. १९९८ मध्यें ओरेगॉन येथील संशोधकांनीं बफर आणि परतीचा पत्ता यांच्यामध्यें एक खुणेचा आंकडा ठेवण्याची युक्ति पुढें आणली. पत्ता वाचण्यापूर्वीं ही खूण शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. ती पुसली गेली असेल, तर काम तेथेंच थांबवावयाचें. कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून या खुणेसहि 'कॅनरी' असें नांव पडलें. दुसरा उपाय असा, कीं मजकूर ठेवण्याच्या जागेंतील आंकडे हुकूम म्हणून पाळावयाचेच नाहींत, असा दंडक यंत्राला घालून द्यावयाचा. तिसरा असा, कीं स्मृतींतील दालनांच्या जागा दर वेळीं बदलत ठेवावयाच्या, म्हणजे आगंतुकाला कोणता पत्ता लिहावा हेंच कळूं नये. ज्या 'गेट्स' नांवाच्या सोयीनें मॉरिसला वाट करून दिली, जिला जागा किती आहे हें सांगण्याची तरतूदच नव्हती, ती तर २०११ च्या प्रमाणग्रंथांत 'सी' भाषेंतून काढून टाकण्यांत आली.

या सर्वांत शहाणपणाचा उपाय क्रिस एव्हन्स यांनीं २००१ च्या सुमारास पुढें आलेल्या आपल्या 'व्हीएसएफटीपीडी' या सर्व्हरांत योजला. त्यांनीं दारावरच्या कारकुनाच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. अनोळखी माणसाशीं बोलणारा भाग वेगळा, त्याला कसलाहि अधिकार नाहीं, आणि त्याला वाड्याच्या एका बंदिस्त खोलींतच बसविलेलें. अधिकार ज्याच्याजवळ आहे तो दुसरा भाग आंत बसतो, मोजक्या दोन-चार विनंत्यांखेरीज कांहीं ऐकत नाहीं, आणि त्याहि पारखून घेतो. माणूस चुकणारच हें मान्य करून चुकीचें नुकसान आधींच मर्यादित करण्याची ही रचना आहे. यापुढचें पाऊल म्हणजे भाषाच अशी वापरावयाची, कीं रकान्याचें माप ती स्वतः पाहील. मायक्रोसॉफ्टनें २०१९ मध्यें सांगितलें, कीं आपल्या सॉफ्टवेअरमध्यें दर वर्षीं दुरुस्त होणार्‍या सुरक्षा-दोषांपैकीं सुमारें सत्तर टक्के स्मृतीच्या गैरहाताळणीचे असतात. आणि २०२२ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें 'रस्ट'सारख्या सुरक्षित भाषांकडे वळण्याची शिफारस केली. परंतु 'सी'मधील जुनें लेखन इतकें अफाट आहे, कीं तें बदलण्यास पिढी जावी.

मधल्या काळांत जें हरवलें, त्याचाहि उल्लेख केला पाहिजे. अनामिकांनीं फायली आणून ठेवाव्यात म्हणून उघडीं ठेविलेलीं दालनें एकामागून एक बंद झालीं. परवलीचा शब्द उघड्यावर पाठविणारी एफटीपीची मूळ पद्धतिहि मागें पडली, आणि २०२१ मध्यें फायरफॉक्स व क्रोम या दोन्ही ब्राउझरांनीं तिला निरोप दिला. त्या दालनांमागील वृत्ति चांगली होती. तिला जी जोड हवी होती, ती वेळेवर मिळाली नाहीं.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असें समजून गृहस्थानें कान मिटूं नयेत. घरांतील इंटरनेटची पेटी, दारावरचा कॅमेरा, फायली सांठविण्याची डबी, या सर्वांत लहान लहान सर्व्हर बसलेले असूं शकतात, आणि त्यांतहि न मोजणारा एखादा कारकून असूं शकतो. आपल्या देशांत २००४ पासून 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था अशा दोषांचे इशारे प्रसिद्ध करीत आहे. उपकरण तयार करणार्‍याकडून दुरुस्त आवृत्ति आल्याची सूचना मिळाली, तर ती 'उद्यां पाहूं' म्हणून बाजूस सारणें म्हणजे मोडकी कडी ठाऊक असूनहि दार तसेंच ठेवणें होय. जी सेवा आपण वापरीत नाहीं ती बंद करावी, आणि जिला मोठ्या अधिकाराची गरज नाहीं तिला तो देऊं नये. एवढें प्रत्येक घराला करतां येईल.

घेतांना उदार असावें, हा पोस्टेल यांचा उपदेश खोटा ठरला असें कांहीं जण म्हणतात. तो खोटा ठरला नाहीं. तो अर्धाच पाळला गेला. आपल्याकडे अन्नछत्र चालविणारा यजमान येणार्‍याची जात-पात विचारीत नसे, पण कोठींतून निघणारें धान्य मात्र पायलीनें मोजून घेई. त्याला कोणी कंजूष म्हटलें नाहीं; मोजत होता म्हणूनच त्याचें छत्र वर्षानुवर्षें चाललें. उदारपणा आणि माप यांचें वैर नाहीं. दार कोणासाठींहि उघडावें. मात्र येणारा आपल्याबरोबर जें आणील, त्याचें माप त्याच्या शब्दावर न सोडतां घेणार्‍यानें स्वतः, प्रत्येक वेळीं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत घ्यावें.